अंधार मोजायचा

कलाभवनातल्या मागच्या प्रयोगशाळेत
मे महिन्यातही पंखा बंद,
तारा हलू नयेत म्हणून.
तांब्याच्या दोन तारा, चार मीटर, समांतर,
मध्ये चार बोटांचं अंतर,
एकाच घरात बोलणं सोडलेल्या भावांसारख्या.

मानाजी खानविलकर, लॅब अटेंडंट,
वेताच्या काठीला सुतळीनं बांधलेला निऑनचा दिवा
तारांवरून नेत चालायचे,
चप्पल न वाजवता,
झोपलेल्या पाळण्याशेजारून जावं तसे.
दिवा पेटे, विझे,
पुन्हा पेटे.

आम्ही खडू घेऊन उजेडाकडे धावलो.
"अजवाळुं नको, पागेबेन," ते म्हणाले,
"उजेड पसरट असतो.
कुठे सुरू झाला, कुठे संपला, भांडत बसाल.
अंधार मोजायचा. अंधार टोकदार."

एका अंधारापासून दुसऱ्या अंधारापर्यंत
अठ्ठ्याण्णव सेंटिमीटर.
दुप्पट करा, लाटेची लांबी.
पुस्तकात त्या जागेला निस्पंद म्हटलंय;
शब्द आवडला, व्याख्या पाठ झाली नाही.
जाणारी लाट आणि परत आलेली लाट
नेमक्या तिथे एकमेकींना फेडून टाकतात.
बाकी शून्य,
म्हणून दोघी नव्हत्याच असं नाही.

परत का येते?
"शेवट उघडा आहे ना. घेणारं कुणी नाही.
मग काय करेल बिचारी. वळेल."

मग त्यांनी खिशातून पुडी काढली,
लीला चिवड्याच्या तेलकट कागदाची,
तिच्यातून एक रेझिस्टर,
आणि तारांच्या टोकाला डाग देऊन जोडला.
तारांचा स्वभाव जितका, तितकाच त्याचा अवरोध.
काठी पुन्हा फिरली.
दिवा सगळीकडे सारखा. मंद.
विझेना, भडकेना,
खडूला कामच उरलं नाही.
भिसे जांभई देत म्हणाला, प्रयोग बिघडला.
मानाजी दिव्याकडेच बघत होते.
"बिघडला नाही. पोचली."

काल रात्री, गोत्रीच्या कंट्रोल रूममध्ये,
तीन वाजून बारा मिनिटांनी
कच्छकडच्या एका लाइनीचा पलीकडचा ब्रेकर उघडला.
तीनशे किलोमीटर तार,
आणि टोकाला कुणी नाही.
आमच्या बाजूला चारशे केव्ही.
तिकडे, रिकाम्या टोकाला, चारशे एकवीस.

धैवत नवा आहे, दिवाळीनंतर लागला.
म्हणाला, मीटर खोटं बोलतंय, मॅडम.
इथून पाठवतो त्याहून जास्त
तिथे कसं पोचेल?

पोचत नाहीये, म्हणूनच.

खुर्ची त्याच्याजवळ ओढली.
पन्नास हर्ट्झची लाट सहा हजार किलोमीटर लांब.
आपली लाइन तिचा विसावा भाग.
उघड्या टोकापासून पहिला निस्पंद पंधराशेवर,
म्हणजे आपल्याला ओलांडून
थेट झारखंडात कुठेतरी.
आपण अजून उजेडाच्या पसरट भागातच आहोत, बाळा,
(हा 'बाळा' कुठून आला, मलाही कळलं नाही)
रिअॅक्टर आत घे.

चारशे नऊ.
चारशे तीन.
त्यानं हात पँटला पुसले.

मानाजींच्या निवृत्तीला मी नव्हते.
जबलपूरला ट्रेनिंग होतं.
नंतर त्यांचं पत्र आलं होतं,
दांडिया बाजारचा पत्ता, वरची रेघ न मोडता लिहिलेलं,
शेवटी विचारलं होतं,
हल्ली किती लांबच्या लाइनीवर आहात?
ते तिसऱ्या खणात होतं, मग बदलीच्या खोक्यात.
मी उद्या लिहिणार होते.

लॉगबुक भरलं.
३.१२, ब्रेकर उघडा. ३.१९, रिअॅक्टर आत.
शेऱ्याचा रकाना मोकळा सोडला.

पाच वाजता पलीकडून फोन आला,
वाऱ्यात चिरकणारा, म्हाताऱ्या माणसाचा आवाज.
घेतलं, म्हणाला. लोड घेतलं आम्ही.
पडद्यावर दोन्हीकडचे आकडे
जवळजवळ सारखे झाले.
कोण बोलतंय
ते विचारायचं राहिलं.